बॉयलर पेटवलाच नव्हता

मला वेड लागलं आहे, हे मला माझ्या मुलीने सांगितलं. जेवता जेवता, आवाज न चढवता. लागलेलं नाही, पण लागलंय असं म्हणायचं, असं तिचं म्हणणं होतं. जावईबापू समोर बसून पाण्याच्या पेल्यात बघत होते. अर्धं आयुष्य खपून ज्यांनी विटांतून वाफ काढली, त्यांना सासऱ्याला वेडा म्हणायला मात्र बायको पुढे करावी लागली.

पण आधी विटांचं सांगतो, नाहीतर मी खरंच वेडा वाटेन. आमचा कारखाना कापड रंगवण्याचा. तिथे सगळा खेळ वाफेचा. वाफ कमी पडली की रंग नीट बसत नाही, आणि रंग बसला नाही की सगळे बॉयलरवाल्याच्या नावाने खडे फोडतात. तो बॉयलरवाला मी. मला सगळे फायरमन म्हणत, मॅनेजरसुद्धा. माझ्या आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. जन्मभर त्या बॉयलरच्या तोंडात कोळसा घातला आणि त्याच्या घशात काय चाललंय ते नुसत्या आवाजावरून ओळखलं. माझ्या हाताखाली जी पोरं तयार झाली, त्यांच्या कानशिलावर माझी बोटं उमटलेली आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. बॉयलर फुटला असता तर कान राहिलेच नसते.

मग माझ्या मुलीने इंजिनिअरशी लग्न केलं, आणि हे गृहस्थ माझ्याच कारखान्यात माझ्याच बॉयलरच्या मुळावर आले. यांची कल्पना अशी. खोलीएवढ्या लोखंडी पेटीत विटा रचायच्या, दिवसा उन्हाच्या विजेने त्या लालभडक तापवायच्या, आणि त्यांच्यामधून हवा फिरवून दिवसरात्र वाफ करायची. कोळसा नाही, धूर नाही. मी त्याला वीटभट्टी म्हणायचो, तोंडावर. पहिल्या विटा तडकल्या. दुसऱ्या विटांचा भुगा झाला. मग तारा वितळल्या, आणि एकदा यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो की चला, काहीतरी तापलं एकदाचं. लोक हसले. जावईबापू पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर आले.

आणि मग ती भट्टी चालली. चालली ती चालतच राहिली. खोटं कशाला बोलू, वाफ कोरडी येते, आणि माझ्यापेक्षा एकसारखी येते. हे मान्य करायचं माझ्या जिवावर येतं, पण जे आहे ते आहे. वसाहतीत वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे थांबले.

असलं यंत्र एका वर्षात फळाला येत नाही. विटा किती वर्षं टिकतात, तारा किती वर्षं, हे वर्षं गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून एका संस्थेने लांब मुदतीचा निधी दिला होता. अट एक होती. धूर खरोखर थांबला आहे की नुसता कागदावर थांबला आहे, हे दरवर्षी बाहेरचा माणूस येऊन, न कळवता, बघून जाणार. विटांनी दगा दिलाच तर हाताशी असावा म्हणून माझा जुना बॉयलर पाणी काढून उभा ठेवला होता, पण सील करून. त्याच्या भट्टीच्या दाराला तार, तारेला शिशाचा मणी, मण्यावर नंबर. कुणाला न कळवता पेटवला तर ते वर्ष बाद. वर्ष बाद झालं की निधी बंद, आणि निधी बंद झाला की विटा भंगारात.

हा सगळा हिशेब कारखान्याच्या ऑफिसात माझी मुलगी ठेवायची. किती वीज आली, किती वाफ गेली, किती धूर वाचला. धुराशी तिचं जुनं वैर होतं. तिची आई खोकत खोकत गेली. आमच्या क्वार्टरच्या खिडकीतून माझ्या बॉयलरची चिमणी दिसायची, आणि ती खिडकी बंद करून बसली तरी ओट्यावर काजळी यायचीच. डॉक्टरांनी चार कारणं सांगितली होती. मुलीने त्यातलं एकच धरलं.

मी निवृत्त झालो होतो, पण जुना माणूस म्हणून बॉयलरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. रोज जाऊन बघून यायचो. त्या वर्षी हवा फार दमट झाली. पाणी काढलेला बॉयलर दमट हवेत नुसता ठेवला तर आतून गंजतो, नळ्या सडतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. मी जावईबापूंकडे चुन्याच्या कळ्या मागितल्या. आत ठेवल्या की ओल ओढून घेतात. ते म्हणाले, बाबा, अजून थोड्या वर्षांनी भंगारातच जायचा आहे तो, कशाला जीव टाकताय. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मेलेल्या माणसालाही आपण उकिरड्यावर नेऊन टाकत नाही.

तेव्हा मी आमच्या धंद्यातला दुसरा उपाय केला. पक्कड घेऊन सीलाची तार सोडवली, आत फुटक्या खोक्यांची फळकुटं टाकली आणि हलकी धग दिली. नळ्या कोरड्या होण्यापुरती. मग तार होती तशी पिळून ठेवली. दर थोड्या दिवसांनी हे करत गेलो. यात काही चोरी आहे असं माझ्या मनात आलं नाही. कुठल्याही बॉयलरवाल्याला विचारा, वाफ धरली तर बॉयलर पेटला. आत पाणीच नाही, काटा शून्यावर, वाफेचा पत्ता नाही, मग पेटवला कुठे? ओले कपडे वाळवायला शेगडी लावली म्हणून कुणी स्वयंपाक केला असं म्हणत नाही.

पडताळणीवाल्या बाई नेमक्या अशाच एका दिवशी आल्या. बाई उंच, सपाट चपला घालणाऱ्या, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली ठेवणाऱ्या. कुणाकडचा चहा घ्यायच्या नाहीत. त्यांची एक पद्धत होती. मीटर, कागद, कॉम्प्युटर सगळं नंतर. आधी प्रत्येक वस्तूला हात लावून बघायचा. जावईबापू त्यांना बॉयलर दाखवत होते आणि सांगत होते की सील केल्यापासून याला काडी लागलेली नाही. बाईंनी बॉयलरच्या भट्टीच्या दारावर पंजा ठेवला. ठेवला तो काढेचनात. जावईबापूंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. मग बाई शांतपणे म्हणाल्या, "हे गरम आहे."

मी तिथेच होतो. पुढे होऊन सांगितलंही, की मी धग दिली, पेटवला नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग तारेकडे, मग जावईबापूंच्या पडलेल्या चेहऱ्याकडे. मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती भट्टीच्या दारातून येणाऱ्या वासाकडे बघत होती, वास दिसत असता तर.

बाईंनी खुलासा द्यायला थोडे दिवस दिले. त्याच संध्याकाळी तो जेवणाचा प्रसंग झाला. मुलीने नियम उलटेपालटे वाचून एक फट शोधून काढली होती. बेजबाबदार माणसाने, व्यवस्थापनाच्या नकळत असं काही केलं असेल, आणि ते पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था लावली असेल, तर वर्ष बाद होत नाही. त्या आगीपुरता धूर तेवढा वजा होतो. बेजबाबदार म्हणजे बाहेरचा चोर, नाहीतर डोकं ठिकाणावर नसलेला माणूस. चोर घरचा चालत नव्हता. तेव्हा राहिलं दुसरं.

मी आधी हसलो. मग म्हणालो की सरळ माझ्यावर पोलीस घाला, मी तुरुंगात जाईन, पण वेडा म्हणवून घेणार नाही. त्यावर ती म्हणाली, तुरुंगात गेलात तर तुम्ही शहाणे ठरता, आणि शहाण्या माणसाकडे किल्ली आम्हीच दिली होती, म्हणजे जबाबदारी आमच्यावरच. सगळं तिने आधीच तोलून ठेवलं होतं. लहानपणी मीच तिला शिकवलं होतं, झडप उघडायच्या आधी वाफ कुठे जाईल ते बघावं. जावईबापूंनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाले, नको, राहू दे, मी बंद करतो सगळं. भाजलेला हात त्यांनी टेबलाखाली घेतला होता.

तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला कधी एवढं जपलं नाहीत. त्या लोखंडाला ओल लागू नये म्हणून रात्रंदिवस जीव टाकलात. आईची छाती भरत होती तेव्हा तुम्ही ड्यूटीवर होतात."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी ताट बाजूला केलं आणि विचारलं की काय काय विसरायचं आहे ते सांग.

तिने मला शिकवलं. वार चुकवायचा. गावाचं नाव सांगायच्या आधी थांबायचं. एकच प्रश्न दोनदा विचारायचा. कारखान्याच्या डॉक्टरने मला घड्याळ काढायला सांगितलं, तेव्हा मी बॉयलरवरचा प्रेशरचा काटा काढला, लाल रेघेसकट. ही माझी स्वतःची भर होती आणि मला तिचा अभिमान वाटला. डॉक्टर मान हलवत राहिला. बाहेर बसलेला एक जुना सोबती मला डोळा मारून म्हणाला, फायरमन वेड पांघरून पेडगावला निघाले वाटतं. मीही त्याला डोळा मारला. तेव्हा ते सगळं नाटकच होतं.

बाई पुन्हा आल्या. आमच्या घरी खुर्चीवर बसल्या. माझ्या मनगटाला मुलीने एक प्लॅस्टिकचा पट्टा बांधला होता, हॉस्पिटलमध्ये बांधतात तसला, एकदा लावला की निघत नाही, कापावाच लागतो. त्यावर माझं नाव, तिचा नंबर आणि हरवल्यास कळवावे. बाईंनी वार विचारला, मी चुकवला. मग मुलीकडे बोट करून विचारलं की या कोण. शिकवलेलं उत्तर होतं, माझी बहीण. मी मुलीकडे नीट बघितलं. तिचा चेहरा स्वच्छ होता, केस बांधलेले, कुठे काजळीचा ठिपका नाही. मी म्हणालो, "ही कामवाली आहे. हात चलाख आहे, लक्ष ठेवावं लागतं."

बाईंनी लिहून घेतलं. मुलीचे कान लाल झाले, आणि मला फार बरं वाटलं, खरंच फार बरं वाटलं. बाई गेल्यावर तिने कात्रीने माझा पट्टा कापला. कात्री कातडीला थंड लागली. वर्ष वाचलं.

मला वाटलं होतं, संपलं. पण पडताळणी दरवर्षी असते आणि न कळवता असते. आता बॉयलरबरोबर माझीही पडताळणी होती, कारण पुन्हा होणार नाही अशी जी व्यवस्था लावायची होती ती म्हणजे मी. बाई कधी दारात उभ्या राहतील याचा नेम नाही, तेव्हा वेड रोजचं झालं. किल्ली गेली. गॅसची बटणं काढून डब्यात ठेवली गेली. बाहेर जायचं तर कुणीतरी बरोबर. पुढे नात झाली, तिला मी उचललं की मुलगी मागे येऊन उभी राहायची, आणि नात मोठी झाल्यावर आईने सांगितलेलंच खरं धरून माझ्याशी बोलू लागली, हळू आणि गोड. न्हावी माझ्या डोक्यावर कात्री चालवताना जावईबापूंना विचारायचा, किती बारीक करू. शेजारचे मोठ्याने बोलायचे. वेडा बहिरा असतो असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

डोळा मारणारे सोबती होते ना, त्यांनीही हळूहळू डोळा मारायचं सोडलं. नाटक फार दिवस चाललं की बघणाराच विसरतो. संध्याकाळी आम्ही पत्ते खेळायचो. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की मी सारखा जिंकतोय. हातात हुकमाचा एक्का असून समोरच्याने तो दाबून ठेवला आणि मला डाव दिला. मी पानं खाली ठेवली आणि त्याला आईमाईवरून शिव्या दिल्या. त्याने रागाने उत्तर द्यावं म्हणून दिल्या. तो म्हणाला, असू दे, असू दे, पाणी पितोस का. त्या दिवसापासून मी पत्त्यांना हात लावला नाही.

मग विटा चांगल्याच ठरल्या आणि बॉयलर मोडीत निघाला. आवारात आणून गॅसच्या ज्योतीने त्याचे तुकडे करताना मी खिडकीतून बघत होतो. एक सांगतो, नळ्या आतून स्वच्छ होत्या. कापलेलं तोंड चकचकत होतं. बघायला तिथे कुणी नव्हतं आणि कुणाला त्याचं काही पडलेलंही नव्हतं, मलासुद्धा नंतर वाटलं की कशासाठी केलं हे. पण एक गोष्ट बरी झाली असं मी मनाशी म्हणालो. आता बॉयलरच नाही तर माझी पडताळणी कसली. मी मुलीला तसं म्हणालो. ती भाजी निवडत होती. तिने मला समजावून सांगितलं, अगदी सगळ्यांसारखंच हळू आणि गोड, की पुढची सगळी वर्षं त्या एका वर्षावर उभी आहेत. तुम्ही शहाणे ठरलात तर ते वर्ष खोटं, आणि ते खोटं तर त्यानंतरचं सगळं खोटं. निधीची मुदत संपेपर्यंत सांभाळा, मग काय ते बघू. मी माझ्या वयाचा आणि त्या मुदतीचा हिशेब केला. मुदत माझ्यापेक्षा बरीच जास्त जगणार होती.

म्हणून मी ठरवलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं समजा. जावईबापूंचं काय होईल, मुलीचं काय होईल, ते सगळं मला दिसत होतं. नोकऱ्या जातील, विटा जातील, कदाचित खटला होईल. होऊ दे, असं मी म्हणालो. मला एकदा, फक्त एकदा, कुणीतरी माझ्यावर चिडायला हवं होतं.

बाई या वर्षी आल्या तेव्हा केस पांढरे झालेले. पुढच्या वर्षीपासून दुसरं कुणी येणार, त्यांची ही शेवटची फेरी. मला एकट्याला भेटायचं म्हणून त्यांनी मुलीला बाहेर पाठवलं. दार लोटलं गेलं, आणि मी लगेच सांगून टाकलं.

"बाई, मी वेडा नाही. कधीच नव्हतो. माझ्या मुलीने मला हे करायला लावलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. चांगली बाई होती, माझी थट्टा केली नाही. म्हणाल्या, बरं, मग आपण परत सगळं विचारू या. वार विचारला, मी सांगितला. वर्ष सांगितलं. शंभरातून सात वजा करत मागे आलो, न अडखळता. बाहेर कोण आहे म्हणाल्या, मी म्हणालो, माझी मुलगी, एकुलती एक, आईसारखी हट्टी. घड्याळ काढलं, काटे त्यांनी सांगितले तिथे. बाई पुढे झुकून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर शंका आली, मला ती दिसली. मग त्यांनी शेवटचं विचारलं.

"काका, मग त्या वर्षी बॉयलर का पेटवलात?"

"मी बॉयलर पेटवलाच नव्हता."

"पण मी हात लावून बघितलं होतं. आत आग होती."

"आग होती. बॉयलर पेटलेला नव्हता."

मी त्यांना समजावून सांगायला लागलो. पाणी नसलं की काय, वाफ धरणं म्हणजे काय, ओल कशी आत शिरते, नळी आतून कशी खाल्ली जाते. हातवारे करून सांगितलं. त्या बॉयलरच्या नळ्या शेवटपर्यंत चकचकत होत्या हेही सांगितलं, तेव्हा माझे डोळे भरून आले. बोलता बोलता मला दिसलं की बाईंची शंका हळूहळू निघून चालली आहे. त्या मान हलवत होत्या, डॉक्टर हलवायचा तशी. मी आवाज चढवला. चढवायला नको होता. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, तोच पंजा, आणि पेनाला टोपण लावलं.

दार उघडून त्या मुलीशी बोलल्या. मला सगळं ऐकू येत होतं. म्हणाल्या, आज त्यांचा दिवस बरा दिसतोय, सगळी उत्तरं बरोबर दिली, मला तर क्षणभर वाटलं होतं. पण तो बॉयलरचा विषय निघाला आणि मग तेच. तुम्ही त्यांना हे करायला लावलं असंही म्हणत होते, मनाला लावून घेऊ नका.

मुलीने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी काय करायला निघालो होतो ते तिला कळलं. सगळं कळलं, तिच्यापासून काही लपत नाही. मला वाटलं, आता ती ओरडेल. आता तरी ओरडेल. मी ताठ बसलो.

"हो मॅडम," ती म्हणाली. "असे दिवस येतात मधूनमधून. तेव्हा वाटतं बाबा परत आले. मग पुन्हा ओळखत नाहीत. एकदा तर मला कामवाली म्हणाले होते, आठवतं ना तुम्हाला?"

बाईंना आठवत होतं. त्यांनी तिचा खांदा थोपटला.

त्या गेल्या. जावईबापू त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. मुलीने स्वयंपाकघर आवरलं, भांडी पुसून ठेवली, माझ्यासमोर ताट आणून ठेवलं. भाताचे मुटके करून ठेवले होते, लहान मुलाला करतात तसे. मी मनगट पुढे केलं, पट्टा कापायला. दरवर्षी बाई कारखान्यात आल्याचं कळलं की ती पट्टा बांधायची, आणि त्या गेल्या की लगेच कात्री आणायची.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू द्या बाबा. कामाला येईल."

मी पट्टा बोटाने फिरवून बघितला. नंबर नीट लिहिलेला आहे, पुसट होणार नाही असा. कात्री कुठल्या खणात असते ते मला माहीत आहे आणि त्या खणाला कुलूप नाही. पण सील आपण होऊन तोडलं की काय होतं तेही मला आता माहीत आहे. मी भाताचा पहिला मुटका उचलला आणि खाल्ला.